ठसा कोणाचा, याआधी तो कशात उमटला हे विचारावे

प्रति,
माननीय संपादक,

विषय : मागजीवाश्मांच्या (प्राचीन प्राण्यांचे ठसे, बिळे इत्यादींच्या) बातम्या आणि प्राचीन पर्यावरणाचे वाचन

महोदय,

जीवाश्मांविषयीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतून आता बऱ्यापैकी नियमाने येतात आणि भूशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्याचा आनंदच वाटतो. मात्र खडकावर एखाद्या प्राचीन प्राण्याच्या पावलांचे ठसे किंवा त्याची बिळे सापडली, की बातमीचा सगळा भर हा ठसा कोणाचा या एकाच प्रश्नावर राहतो. प्राण्याचे नाव, त्याची अंदाजे लांबी आणि सोबत एखादे कल्पनाचित्र एवढ्यावर बातमी आटोपते. ज्या वाळूत, चिखलात किंवा राखेत तो ठसा उमटला तिच्याविषयी एक ओळही सहसा नसते. या प्रकारच्या जीवाश्मांत प्राण्याचे नाव हा सर्वांत डळमळीत भाग असतो आणि भोवतालची माहिती हा त्यामानाने भक्कम भाग असतो, हे लक्षात घेता बातमीचा हा क्रम उलटा आहे, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे.

हाडे, शिंपले, पाने यांचे जीवाश्म म्हणजे देहाचे अवशेष. पाऊलठसे, सरपटल्याच्या रेषा, बिळे, टणक खडकात पाडलेली भोके, घरटी आणि दगड झालेली विष्ठा हे कृतीचे अवशेष आहेत. त्यांना ट्रेस फॉसिल म्हणतात. मी वर्गात मागजीवाश्म हा शब्द वापरत असे, कारण रानात माग काढणारा माणूस नेमके हेच करतो. जनावर त्याच्या समोर नसते. समोर असते ती जमीन, आणि ती किती ओली होती, पाऊल किती रुतले, कडा कधी ढासळल्या, हे तो आधी पाहतो. मागजीवाश्मांचे पर्यावरणविषयक महत्त्व ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती अगदी साधी आहे. मेलेल्या प्राण्याचा शिंपला लाटा कोठेही नेऊन टाकतात आणि नदीतून वाहत आलेले हाड समुद्राच्या गाळात पुरले जाऊ शकते. मऊ गाळातले बीळ मात्र वाहून नेता येत नाही. गाळ उचलला गेला की बीळ मोडतेच. म्हणून खडकात अखंड बीळ दिसले, की तो प्राणी त्याच जागी, त्याच गाळात जिवंत होता, एवढे तरी निश्चितपणे म्हणता येते.

या शास्त्राच्या आरंभीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस परगण्यातल्या तांबड्या वालुकाश्मावर पावलांच्या रांगा आढळल्या. ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी जिवंत कासवांना मळलेल्या कणकेवरून, ओल्या वाळूवरून आणि मऊ चिकणमातीवरून चालवून पाहिले आणि खडकावरचे ठसे कासवाचेच असावेत असा निष्कर्ष काढला. आज हे ठसे कासवाचे मानले जात नाहीत. सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजकुळातल्या चतुष्पादांकडे बोट दाखवले जाते. तो वालुकाश्म वाळवंटातल्या टेकड्यांचा आहे, हेही पुढे उलगडले. म्हणजे बकलंड प्राण्याच्या नावात चुकले. पण ठसा समजून घ्यायचा तर वेगवेगळ्या ओलाव्याच्या पृष्ठभागांवर प्रयोग करावा लागतो, ही त्यांची पद्धत टिकली आणि आजही प्रयोगशाळांत पक्षी, खेकडे, विंचू यांना वाळूच्या उतारांवरून चालवले जाते. कणकेवर चालणारे कासव पाहायला जमलेल्या विद्वानांची त्या काळी थोडी थट्टाही झाली असेल, पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता.

त्याच शतकात याहून मोठी गफलत झाली. समुद्री खडकांत आढळणाऱ्या फांद्यांसारख्या, पंखांसारख्या असंख्य आकृत्या समुद्रशैवालाचे जीवाश्म म्हणून नोंदवल्या जात होत्या आणि त्यांना तशी वनस्पतींची नावेही दिली जात होती. आता शैवाल म्हटले की सूर्यप्रकाश आला, आणि सूर्यप्रकाश म्हटला की उथळ पाणी आले. म्हणजे ओळख चुकली की भूगोलही चुकणार. स्वीडनचे आल्फ्रेड नाथोर्स्ट यांनी जिवंत प्राण्यांना मऊ पृष्ठभागावर सरपटू देऊन, उमटलेल्या खुणांची खडकातल्या आकृत्यांशी तुलना केली आणि या शैवालांपैकी बरीचशी प्रत्यक्षात प्राण्यांच्या वाटा व बिळे आहेत, हे १८८१ मध्ये दाखवून दिले. ते सर्वांनी लगेच मान्य केले नाही. पुढची काही वर्षे हा वाद चांगलाच रंगला होता.

खडकातल्या खुणांवरून प्राचीन परिस्थिती पद्धतशीरपणे वाचण्याची चौकट जर्मन पुराजीववैज्ञानिक आडोल्फ झाइलाखर यांनी १९६० च्या दशकात मांडली. त्यांचे निरीक्षण असे होते, की वेगवेगळ्या काळांतल्या आणि वेगवेगळ्या खंडांवरच्या खडकांत काही खुणा पुन्हा पुन्हा एकत्र आढळतात, आणि त्यामागचे कारण प्राण्यांची जात हे नसून जगण्याची सारखी अडचण हे असते. जिथे लाटा वाळू सतत हलवतात तिथे अन्नकण पाण्यात तरंगत असतात आणि पृष्ठभागावर राहणे धोक्याचे असते. म्हणून तिथले प्राणी उभी, खोल बिळे करतात आणि तोंड वर ठेवून पाणी गाळून खातात. स्कोलिथॉस या साध्या उभ्या नळीच्या नावाने हा समूह ओळखला जातो. नेहमीच्या लाटांचा तळावर परिणाम होत नाही अशा थोड्या खोल भागात अन्नकण खाली बसतात, तेव्हा प्राणी आडवे फिरून गाळ चिवडतात आणि चालण्याच्या, विसाव्याच्या, चरण्याच्या नाना खुणा ठेवतात. हा क्रुझियाना समूह. अतिखोल तळावर अन्न इतके तुटपुंजे असते, की एकाच जागेवरून दोनदा जाणे परवडत नाही. तिथे नांगराच्या तासांसारख्या, एकमेकींना न छेदणाऱ्या नागमोडी वाटा आणि जाळीदार रचना दिसतात. अशीच एक षट्कोनी जाळी, पॅलिओडिक्टिऑन, प्राचीन खडकांतही आहे आणि आजच्या अटलांटिक महासागराच्या तळावर सुमारे साडेतीन हजार मीटर खोलीवरही आहे. तिचा कर्ता मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. तो न सापडताही ही जाळी दिसली की खोल समुद्राचा विचार मनात येतो आणि तो सहसा बरोबर ठरतो. मागजीवाश्मांच्या कामाचे स्वरूप समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

या चौकटीचा अर्थ पुष्कळांनी खोली मोजण्याची पट्टी असा लावला आणि तिथे घोटाळा झाला. उभी बिळे खोलीमुळे होत नाहीत. हलती वाळू, खेळते पाणी आणि तरंगते अन्न यांमुळे होतात. ही परिस्थिती किनाऱ्याजवळ सर्वाधिक आढळते, इतकेच. वादळाने किंवा उतारावरून घसरत जाणाऱ्या गढूळ प्रवाहाने उथळ भागातली वाळू खोल समुद्रात नेऊन टाकली, तर तिच्यासोबत कोळंबीसारखे बिळे करणारे प्राणीही तिथे पोहोचतात, काही काळ बिळे खणतात आणि प्राणवायूच्या अभावी मरून जातात. खडकात मात्र खोल पाण्याच्या शेलमध्ये, म्हणजे बारीक चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, उथळ पाण्याची बिळे शिल्लक राहतात. झूफायकस या पंख्यासारख्या खुणेची कथा तर आणखी शिकवणारी आहे. पुराजीव महाकल्पात, म्हणजे डायनोसॉरांच्याही आधीच्या काळात, ती उथळ समुद्रातही सर्रास आढळते आणि नंतरच्या काळात ती मुख्यतः खोल पाण्याकडे सरकलेली दिसते. आजचा नियम तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाला जसाच्या तसा लावणारा माणूस इथे हमखास फसतो. क्रुझियाना ही दुपदरी, ओरखड्यांची खूण बहुधा ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री संधिपाद प्राण्यांनी केलेली असते. पण ट्रायलोबाइट नामशेष झाल्यानंतरच्या, गोड्या पाण्यात साठलेल्या थरांतही तशाच खुणा मिळतात, त्या दुसऱ्याच संधिपाद प्राण्यांच्या आहेत. म्हणून मागजीवाश्मांना प्राण्यांच्या नावांपासून स्वतंत्र नावे दिली जातात. एकच प्राणी चालताना एक, खाताना दुसरी आणि लपताना तिसरी खूण ठेवतो, आणि तीनही खुणांची नावे वेगळी असतात. बातमीदाराला हे गैरसोयीचे वाटेल याची मला कल्पना आहे.

एका सुट्या खुणेपेक्षा खुणांचा समुच्चय, त्यांचा आकार, दाटी आणि एकमेकींना छेदण्याचा क्रम यांतून खरी माहिती मिळते. कॉन्ड्रायटिस ही मुळांसारखी बारीक फांद्यांची बिळे काळ्या शेलमध्ये एकटीच दिसू लागली आणि बाकीच्या खुणा नाहीशा झाल्या, तर तळाच्या गाळातला प्राणवायू घटत गेला असावा, असा अंदाज बांधता येतो. खाडीसारख्या निमखाऱ्या पाण्यात क्षारता सतत बदलत असल्यामुळे फार थोड्या जाती तग धरतात; तिथे खुणांचे प्रकार मोजके, आकार लहान, पण संख्या मोठी असते. काही बिळे तर गाळ साठण्याचा हिशेबच ठेवतात. इंग्रजी यू अक्षरासारख्या डिप्लोक्रेटेरिऑन या बिळाच्या दोन नळ्यांमध्ये कमानींची ओळ असते. तळावर नवा गाळ पडला की प्राण्याला बीळ वर उचलावे लागते, वरचा गाळ खरवडून गेला की खाली न्यावे लागते, आणि प्रत्येक हालचालीची एक कमान मागे राहते. त्या कमानी बिळाच्या तळाखाली आहेत की वर, हे पाहून तिथे गाळ साठत होता की झिजत होता ते कळते. अचानक वाळूचा जाड थर अंगावर पडलेल्या प्राण्याने जिवाच्या आकांताने वर येताना थर खाली दुमडत नेलेले असतात. असा निसटण्याचा माग सापडला, तर तो थर वर्षानुवर्षे साठलेला नसून काही तासांत कोसळलेला आहे असे म्हणता येते. हा सगळा तपशील एका हाताएवढ्या दगडात मावतो. तेलविहिरी खणताना बाहेर काढलेल्या जेमतेम दहा सेंटिमीटर व्यासाच्या खडक-दंडगोलात मोठे शिंपले वा हाडे क्वचितच सापडतात, पण बिळे आडवी-उभी छेदलेली दिसतात, आणि म्हणून तेल उद्योगाने या विषयाला विद्यापीठांपेक्षाही अधिक गांभीर्याने घेतले.

पावलांच्या ठशांकडे परत येतो, कारण बातम्या प्रामुख्याने त्यांच्याच असतात. टांझानियातल्या लेटोली येथे सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी राखेवर दोन पायांवर चालणाऱ्या मानवकुलीन प्राण्यांचे ठसे १९७८ मध्ये मिळाले, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच राखेवर पावसाच्या थेंबांचे खळगेही आहेत आणि हरणे, ससे, पक्षी यांच्या अगणित खुणाही आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. राख पडली, हलका पाऊस आला, ती ओली असतानाच प्राणी तिच्यावरून गेले, ती सिमेंटसारखी घट्ट झाली आणि वर पुन्हा राख पडली : हा क्रम त्या थरात लिहिलेला आहे आणि तो वाचल्यावरच त्या चालणाऱ्यांच्या पावलांना भोवताल मिळतो. दुसरी गोष्ट अशी, की वरच्या थरावर पडलेल्या पावलाचा दाब खालच्या थरांनाही वाकवतो आणि खडक फुटल्यावर आपल्याला अनेकदा तो खालचाच, पुसट आणि पसरलेला ठसा दिसतो. त्याची रुंदी मोजून प्राण्याची उंची जाहीर करणे धाडसाचे आहे. कर्ता हाती लागण्याची भाग्याची उदाहरणे विरळाच असतात. जर्मनीच्या झोल्नहोफेन चुनखडकात ज्युरासिक काळातल्या एका नालखेकड्याचा (हॉर्सशू क्रॅबचा) ९.७ मीटर लांबीचा माग असून त्याच्या शेवटी तो नालखेकडाच मरून पडलेला आहे. तिथेसुद्धा खरी बातमी तो खेकडा नसून, ज्या प्राणवायूहीन खाजणाच्या तळावर तो चालत राहिला तो तळ आहे.

ओळख आणि पर्यावरण एकमेकांना कसे फसवतात, याची एक कथा मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात गुराख्यांना ‘सैतानाचे मळसूत्र’ म्हणून ठाऊक असलेल्या, माणसापेक्षा उंच अशा दगडी वेटोळ्यांचा अभ्यास अर्विन बार्बर यांनी १८९१ पासून सुरू केला. ते खडक मोठ्या सरोवराच्या तळाशी साठले, असा तेव्हा समज होता. त्यामुळे बार्बर यांना त्या वेटोळ्यांत गोड्या पाण्यातला प्रचंड स्पंज दिसला आणि पुढे एक वनस्पती दिसली. ही उंदीरवर्गीय प्राण्यांची बिळे असावीत, असे दुसऱ्यांनी लवकरच सुचवले, पण सरोवराच्या तळाशी बीळ कोण करणार, हा प्रतिवाद तयारच होता. पुढे वेटोळ्यांच्या तळाशी पॅलिओकॅस्टर या जमिनीवर राहणाऱ्या बीव्हरचे, म्हणजे एका उंदीरवर्गीय प्राण्याचे, सांगाडे मिळाले, भिंतींवरचे ओरखडे त्याच्या पटाशीच्या दातांशी जुळले, आणि सरोवर नाहीसे होऊन त्याच्या जागी सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा कोरडा, गवताळ माळ आला. खडकाविषयीच्या पूर्वग्रहाने खुणेचे नाव ठरवले होते आणि त्या नावाने पूर्वग्रहाला दुजोरा दिला होता. हे वर्तुळ तोडायला काही दशके लागली.

आपल्या देशातही अशी दोन प्रकरणे झाली आहेत. जबलपूर परिसरातल्या लामेटा नावाच्या, डायनोसॉरांच्या काळातल्या थरांमधील फांद्या फुटलेल्या बिळांना खेकडावर्गीय समुद्री प्राण्यांची बिळे मानून हे थर समुद्रकिनाऱ्यालगत साठले, असे मत १९७० आणि १९८० च्या दशकांत मांडले गेले. नंतर त्याच थरांतल्या चुन्याच्या गाठी, मुरलेल्या प्राचीन मातीची लक्षणे आणि डायनोसॉरची अंडी यांचा एकत्रित विचार झाला आणि निमशुष्क हवामानातला, नद्या व उथळ पाणथळींचा भूप्रदेश हे चित्र बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले. बिळे तीच होती. शेजारचे पुरावे वाचले गेले तेव्हा त्यांचा अर्थ बदलला. याच लामेटा कालखंडातल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथील विष्ठाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, ही जुनी समजूत गेली. ती विष्ठा नेमक्या कोणत्या डायनोसॉरची, यावर मतभेद होऊ शकतात. तिथे गवत होते, यावर होऊ शकत नाहीत.

दुसरे प्रकरण मध्य प्रदेशातल्या विंध्य खडकांचे. चोरहाट वालुकाश्मावरच्या नागमोडी खुणा एक अब्ज वर्षांहून जुन्या प्राण्यांच्या आहेत, असा दावा झाइलाखर यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये केला. जगभर खळबळ उडाली. २००२ मध्ये याच खडकांचे वय सुमारे १.६ अब्ज वर्षे असल्याचे किरणोत्सारी मापनातून पुढे आले, तेव्हा दावा आणखी भव्य होण्याऐवजी अधिकच संशयास्पद झाला, कारण प्राण्यांचे इतर कोणतेही विश्वसनीय पुरावे त्या काळाच्या जवळपासही जात नाहीत. सूक्ष्मजीवांच्या थराला पडलेल्या सुरकुत्या वा भेगांतूनही अशा आकृत्या निर्माण होऊ शकतात, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या माणसाने हे शास्त्र उभे केले त्याच्याही बाबतीत हे घडले. तुलनेसाठी पाहावे, तर कँब्रियन कालखंडाचा अधिकृत आरंभ न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेड येथे ट्रेप्टिक्नस पेडम या एका बिळाच्या पहिल्या दर्शनावर १९९२ मध्ये निश्चित करण्यात आला आणि काही वर्षांतच ते बीळ त्या रेषेच्या काही मीटर खालीही सापडले. सीमा तिथेच ठेवण्यात आली, आणि हा व्यवहारी निर्णय मला पटतो. पण पहिले दर्शन हा शब्द बातमीत किती जपून वापरायला हवा, हे त्यातून दिसते.

या पार्श्वभूमीवर आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, की अशा शोधाची बातमी देताना त्यांनी अभ्यासकाला चार प्रश्न अवश्य विचारावेत : खडक कोणता आहे, त्याच थरात तरंगचिन्हे, चिखलाच्या भेगा, मुळे यांसारखे दुसरे काय आहे, खुणा किती प्रकारच्या आहेत, आणि ही आकृती प्राण्याविना तयार होऊ शकली नसती असे ते कशावरून म्हणतात. शेवटच्या प्रश्नाने प्रामाणिक अभ्यासक कधीही दुखावत नाही. छायाचित्र छापताना त्यात मोजपट्टी आणि सभोवतालचा खडक दिसावा. ठशाच्या कडा खडूने गिरवलेले चित्र कृपया एकटे छापू नये, कारण खडू जिथे फिरतो तिथे वाचकाला ठसा दिसतोच. आणि ठशाचा दगड उचलून सुरक्षित जागी आणल्याची हकिकत कौतुकाने छापण्यापूर्वी, उचलण्याआधी थराची दिशा, वरची व खालची बाजू आणि शेजारच्या खुणा नोंदवल्या गेल्या होत्या का, एवढे तरी विचारले जावे. हाड कपाटात ठेवले तरी ते हाडच राहते. ज्या बिळाची वरची बाजू कोणती हेच ठाऊक नाही, त्यावरून तिथे गाळ साठत होता की झिजत होता, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आपला,
एक निवृत्त भूशास्त्र-अध्यापक